जॉर्ज वॉलेसला मत देणारी माणसं

रानजाई (धागाकर्ती)

मागच्या शनिवारी अण्णांचं (माझे सासरे, वय ८१) कपाट आवरत होते. जुन्या कागदांच्या पाकिटातून गाडीच्या बंपरवर चिकटवायची एक पट्टी निघाली. कोरी, मागचा कागदही न सोललेला. पुढे ठळक अक्षरांत एकच नाव: वॉलेस.

अण्णांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे. फेकू नकोस." मग रात्री जेवताना थोडं थोडं सांगत गेले.

अण्णा सांगलीच्या वालचंदमधून इंजिनीअर होऊन १९७० च्या जानेवारीत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटला आले. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंगच्या कामावर. खालच्या मजल्यावर डाय बनवणारा एक पोलिश वंशाचा कारागीर होता, अण्णांपेक्षा पंधराएक वर्षांनी मोठा. बर्फात गाडी कशी चालवायची ते त्याने शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा जाड कोट आणून दिला. सासूबाई भारतातून आल्या तेव्हा अण्णांबरोबर विमानतळावर तोच गाडी घेऊन गेला होता. आणि मे १९७२ मध्ये ही पट्टीही त्यानेच दिली, "लाव रे गाडीला" म्हणून. अण्णांना मताचा हक्क नव्हता. पट्टी त्यांनी लावली नाही, आणि त्याला वाईट वाटेल म्हणून परतही केली नाही.

वॉलेस कोण होता ते थोडक्यात सांगते. दक्षिणेतल्या अलाबामा राज्याचा गव्हर्नर. १४ जानेवारी १९६३ ला मॉन्टगोमेरीत शपथ घेताना त्याने "आज वर्णविभाजन, उद्या वर्णविभाजन, कायम वर्णविभाजन" अशी घोषणा केली. त्याच वर्षी ११ जूनला टस्कलूसाच्या विद्यापीठात व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून तो स्वतः दारात जाऊन उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी राज्याचं नॅशनल गार्ड (राखीव सैन्यदल) केंद्राच्या ताब्यात घेतलं, तेव्हा बाजूला झाला. सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. मार्च १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर मताच्या हक्कासाठी शांतपणे चालणाऱ्या लोकांना लाठ्यांनी फोडलं, ते याच्याच राज्याच्या पोलिसांनी.

आणि हा माणूस चार वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरला: १९६४, १९६८, १९७२, १९७६. १९६८ साली वेगळ्या पक्षातर्फे उभं राहून पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर नाव आणलं. सुमारे ९९ लाख मतं, म्हणजे साडेतेरा टक्के. पाच राज्यं जिंकला. त्याच्यानंतर आजवर तिसऱ्या पक्षाच्या कुठल्याही उमेदवाराला एकही राज्य जिंकता आलेलं नाही.

दक्षिणेतल्या गोऱ्यांनी त्याला का उचलून धरलं हे कळतं. मला उलगडा हवाय तो उत्तरेतल्या माणसांचा. १६ मे १९७२ ला मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) त्याला ५१ टक्के मतं पडली. माझ्या सासऱ्यांच्या अंगावर कोट घालणारा माणूस त्या ५१ टक्क्यांत होता. गेले आठ दिवस मी हेच वाचतेय, आणि त्या माणसाला "वर्णद्वेष्टा" म्हणून मिटवून टाकणं मला जमत नाही, सोडून देणंही जमत नाही. तुम्हाला काय वाटतं?

एक विनंती. आजच्या उमेदवारांची नावं इथे आणू नका. त्यांच्यासाठी दुसरे धागे आहेत.

केळफूल

वाचतेय. फार अस्वस्थ करणारा विषय आहे, रानजाई. एक विचारायचं होतं. अण्णांनी त्या माणसाला कधी तोंडावर विचारलं का, की तू याला मत का देतोस?

ताम्हण

उत्तरेतला पाठिंबा १९७२ ला एकदम उगवला नाही. मूळ १९६४ मध्ये आहे. त्या वर्षी वॉलेस विस्कॉन्सिनला गेला तेव्हा बहुतेकांना वाटलं, थोडीफार मतं घेऊन परत येईल. मिलवॉकीच्या दक्षिण भागात पोलिश, सर्बियन कामगारांची वस्ती. तिथल्या सर्ब सभागृहात त्याची सभा झाली आणि दक्षिणेचं 'डिक्सी' हे गाणं लोकांनी पोलिश भाषेत म्हटलं! ज्यांचे आजोबा यादवी युद्ध संपून गेल्यावर या देशात आले, ती माणसं त्या युद्धात हरलेल्या बाजूचं गाणं आपल्या मातृभाषेत म्हणत होती. विस्कॉन्सिनमध्ये त्याला जवळजवळ ३४ टक्के मिळाले, इंडियानात ३० च्या आसपास, मेरिलँडमध्ये ४३ च्या जवळ.

तिथे तो काय बोलायचा हे बघण्यासारखं आहे. 'काळे' हा शब्द भाषणात फारसा यायचा नाही. वॉशिंग्टनचे नोकरशहा तुमचं घर कुणाला विकायचं ते ठरवणार, तुमची मुलं कुठल्या शाळेत जाणार ते ठरवणार, तुमच्या युनियनमधली ज्येष्ठता ठरवणार, असं बोलायचा. ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं की कुणाबद्दल चाललंय, पण आपण काही वाईट बोललो असं त्याला वाटायचं नाही. पुढे दोन्ही पक्षांच्या कितीतरी नेत्यांनी ही भाषा उचलली.

आता विरोधकांबद्दल. १९६८ च्या सभांची ध्वनिमुद्रणं मी ऐकली आहेत. विद्यार्थी यायचे, ओरडायचे, फलक नाचवायचे. वॉलेस त्यांचीच वाट बघत असायचा. "भाषण झालं की या, तुमच्या सँडलवर सही करून देतो." "तुम्हाला चार अक्षरी शब्द पुष्कळ येतात, दोन येत नाहीत: वर्क आणि सोप." सभागृह डोक्यावर घ्यायचं. २४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वीसेक हजार माणसं होती, बाहेर निदर्शक आणि घोड्यावरचे पोलीस. आतल्या प्रत्येकाला घरी जाताना वाटलं असणार की बाहेर जे ओरडतायत ते आपल्यालाच ओरडतायत. विद्यार्थ्यांचा राग खरा होता, कारण सेल्मा होऊन तीनच वर्षं झाली होती. तरी त्या रागाचा फायदा वॉलेसने करून घेतला, असं माझं मत आहे.

गेटमीटिंग

मी परळच्या गिरणीत होतो, १९८२ च्या संपापर्यंत. ताम्हण यांचं म्हणणं अर्धंच आहे म्हणून लिहितो.

सप्टेंबर १९६८ च्या शेवटी वॉलेस चाचण्यांमध्ये २० टक्क्यांच्या वर होता. मतदानात साडेतेरावर आला. सहा आठवड्यांत ही घसरण कशी झाली? एक कारण सगळे सांगतात: ३ ऑक्टोबरला त्याने उपाध्यक्षपदासाठी जनरल कर्टिस लमे यांना उभं केलं आणि त्यांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत अणुबॉम्ब वापरण्याबद्दल अशी बडबड केली की लोक घाबरले. ते खरं आहे. पण दुसरं कारण आमच्या धंद्यातलं आहे. एएफएल-सीआयओ हा कामगार संघटनांचा महासंघ आणि गाड्यांच्या कामगारांची यूएडब्ल्यू या संघटनांना कळलं की आपल्याच सभासदांत वॉलेसच्या टोप्या घातलेले लोक फिरतायत. वरचे पुढारी डेमोक्रॅटिक उमेदवार हम्फ्रींच्या बाजूचे, खालची पोरं वॉलेसची. हे मला नवं नाही, आमच्या चाळीतही झेंडा एका पक्षाचा आणि मत दुसऱ्याचं असे लोक होते.

मग संघटनांनी पत्रकं काढली, गेटवर वाटली, घरी टपालाने पाठवली. त्यात वंशाबद्दल प्रवचन नव्हतं. अलाबामात मजुरी किती, राज्याचा किमान वेतनाचा कायदाच नाही, युनियन मोडायला सोपं जाईल असा कायदा मात्र आहे, असे आकडे होते. हा गव्हर्नर कामगाराचा कैवारी म्हणवतो तर त्याच्या राज्यातला कामगार काय खातो ते बघा. माणसं बधली. मिशिगनमध्ये त्याला दहा टक्क्यांच्या आसपास मतं राहिली आणि ते राज्य हम्फ्रींनी जिंकलं.

मी आयुष्यभर गेटवर उभा राहून बोललो. समोरच्याला "तू वाईट आहेस" म्हणून सुरुवात केली तर पाळी सुटल्यावर तो थांबतच नाही. "तुझा पगार बघू" म्हटलं की थांबतो.

निळीशाई

गेटमीटिंग काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारते. पगाराचा आकडा दाखवल्यावर त्याने १९६८ ला मत फिरवलं. मग १९७२ ला तोच कामगार तोच शिक्का मारायला परत का गेला? पगार तर तेवढाच होता.

मला या धाग्यात एक गोष्ट खटकते. सगळं लिखाण मत देणाऱ्याच्या मनात शिरायला चाललंय. ज्यांच्याविरुद्ध ते मत दिलं त्यांची प्रतिक्रिया काय होती, याबद्दल अजून कुणी एक ओळ लिहिली नाही. त्यांच्या बाजूने मीच लिहिते.

सेल्मा ते मॉन्टगोमेरी रस्त्यावर मध्ये लाउन्ड्स नावाचा परगणा लागतो. लोकवस्तीत बहुसंख्य काळे, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत एकही काळा माणूस नव्हता. वॉलेसच्या राज्यातला डेमोक्रॅटिक पक्ष मतपत्रिकेवर पांढरा कोंबडा छापायचा आणि त्याच्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा. लाउन्ड्समधल्या लोकांनी नागरी हक्क चळवळीतले तरुण कार्यकर्ते स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या साथीदारांबरोबर आपला पक्ष काढला. निरक्षर मतदाराला ओळखू यावं म्हणून चिन्ह हवं होतं. त्यांनी काळा पँथर घेतला. नोव्हेंबर १९६६ ला ते पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले. त्याच निवडणुकीत वॉलेसची पत्नी लर्लीन गव्हर्नरपदाची उमेदवार होती, कारण सलग दुसऱ्यांदा उभं राहायला वॉलेसला राज्यघटनेची आडकाठी होती. पँथर हरला, लर्लीन जिंकल्या.

पण चिन्ह टिकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी ते घेतलं आणि ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. तिथून नाव मुंबईत आलं. २९ मे १९७२, दलित पँथर: नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. रानजाई, तुमच्या सासऱ्यांच्या हातात ती पट्टी पडली त्याच महिन्यात.

माझे वडील त्या पँथरमध्ये होते. त्यांना लाउन्ड्स हे नाव माहीत नव्हतं, पण वॉलेसच्या अलाबामात मार खाणाऱ्या शेतमजुरांनी निवडलेलं जनावर त्यांच्या छातीवर बिल्ल्यात होतं. वॉलेसवरची सगळ्यात महत्त्वाची सार्वजनिक प्रतिक्रिया कुठली असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. विद्यार्थ्यांची आरडाओरड नाही आणि युनियनचं पत्रकही नाही.

सांजवेळ

निळीशाई, लाउन्ड्सचं हे ठाऊक नव्हतं. दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांबद्दल वेगळा धागा काढाल का?

रानजाई

निळीशाई, तुमचं बरोबर आहे. मी धागा काढताना फक्त आमच्या घरातून बघितलं.

१९७२ ला तो का परत गेला, याचं उत्तर अण्णांनी एका शब्दात दिलं: बस. शाळांमधली गोऱ्या-काळ्यांची विभागणी मोडायची म्हणून मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत न्यायचे आदेश कोर्टं देत होती. डेट्रॉइटच्या उत्तरेला पाँटिअॅक आहे. तिथे ऑगस्ट १९७१ मध्ये कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी दहा रिकाम्या शाळेच्या बस बॉम्बने उडवल्या. डेट्रॉइट आणि उपनगरं एकत्र धरून मुलांची अदलाबदल होणार असं वातावरण होतं. वॉलेस मार्चमध्ये फ्लोरिडा याच मुद्द्यावर जिंकला होता. मिशिगनच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, १५ मे ला, मेरिलँडमध्ये लॉरेल गावच्या बाजारात त्याला गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. अण्णा म्हणतात, त्या दिवशी कारखान्यात कुणी जोरात बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिशिगन आणि मेरिलँड दोन्ही राज्यं त्याने जिंकली.

केळफूल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, अण्णांनी विचारलं होतं, एकदाच. सासूबाईंना तेव्हा दिवस गेले होते. अण्णा म्हणाले, "उद्या माझं मूल तुझ्या मुलांच्या शाळेत आलं, तर?" तो मनापासून हसला आणि म्हणाला, "अरे, तुम्ही लोक वेगळे."

टॉर्च

"तुम्ही लोक वेगळे." हे वाक्य मी न्यू जर्सीत चाळीस वर्षांत किती वेळा ऐकलं आणि किती वेळा ते ऐकून बरं वाटलं, हे आज मोजायला बसलो.

आपण इथे आलो कसे ते आठवा. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला शंभर माणसांना जागा होती. फक्त शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी नवा कायदा सही केला आणि जन्मदेशावरचा कोटा मोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला होता, सेल्माच्या पुलावर सांडलेल्या रक्तामुळे. जन्मावरून माणसाची किंमत ठरवू नये, हा विचार त्या चळवळीने देशाच्या गळी उतरवला म्हणून आपल्या डॉक्टर-इंजिनीअरांना दार उघडलं. मंडळाच्या गणपतीत, दिवाळी अंकात आपण आपल्या कष्टाच्या कहाण्या सांगतो. त्या कष्टांबद्दल मला आदर आहे, मी स्वतः केलेत. पण सेल्माचं नाव मी मंडळाच्या व्यासपीठावरून एकदाही ऐकलं नाही. वीस वर्षं मीच कार्यकारिणीवर होतो, म्हणजे ते घ्यायला मीही विसरलो.

तो कारागीर अण्णांशी चांगला वागला हे खरं असणार. त्याच्या मनात दोन खाती होती आणि अण्णांचं नाव त्याने चांगल्या खात्यात लिहिलं. ते खातं मिटवायचा अधिकारही त्याच्याकडेच राहिला.

ताम्हण

१९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी डेट्रॉइटची उपनगरं त्या अदलाबदलीतून वगळली (मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली). म्हणजे रानजाईंच्या कारागिराला जी भीती होती ती प्रत्यक्षात आलीच नाही.

केळफूल

शेवटी त्याने माफी मागितली ना? मी कुठेतरी वाचलं होतं, काळ्या लोकांनी त्याला परत निवडूनही दिलं.

सांजवेळ

हो. आणि त्याआधीची एक गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. १९७२ च्या त्याच निवडणुकीत ब्रुकलिनच्या शर्ली चिझम उभ्या होत्या, काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) निवडून गेलेल्या पहिल्या काळ्या स्त्री. वॉलेस गोळ्या खाऊन रुग्णालयात पडला तेव्हा त्या त्याला भेटायला गेल्या. त्याने विचारलं, तुमची माणसं काय म्हणतील? त्या म्हणाल्या, काय म्हणतील ते मला माहीत आहे, पण तुमच्यावर जे ओढवलं ते कुणावरच ओढवू नये. तो रडला. चिझम यांच्या मतदारसंघात संताप उसळला. पुढे स्वतः काँग्रेसच्या सदस्य झालेल्या बार्बरा ली तेव्हा विद्यार्थिनी होत्या, चिझम यांच्या प्रचारात होत्या, त्यांनाही ते पटलं नव्हतं. दोन वर्षांनी घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाच्या कायद्यात घ्यायचा प्रश्न आला तेव्हा वॉलेसने दक्षिणेतल्या सदस्यांकडे शब्द टाकला, असं चिझम यांनी नंतर सांगितलं.

१९७९ ला तो मॉन्टगोमेरीत डेक्स्टर अॅव्हेन्यूच्या चर्चमध्ये, जिथे मार्टिन ल्यूथर किंग पाद्री होते तिथे, न सांगता चाकाच्या खुर्चीतून गेला आणि क्षमा मागितली. १९८२ ला काळ्या मतदारांच्या मोठ्या पाठिंब्यावर पुन्हा गव्हर्नर झाला. १९९५ ला सेल्माच्या मोर्चाला तीस वर्षं झाली तेव्हा मोर्चेकऱ्यांना भेटायला गेला. बोलवत नव्हतं, निवेदन दुसऱ्याने वाचून दाखवलं. १९९६ ला लर्लीन यांच्या नावाचा धैर्याचा पुरस्कार दिला तो व्हिव्हियन मलोनना, ज्यांच्यासमोर तो दारात उभा राहिला होता. १९९८ ला तो गेला तेव्हा त्याला क्षमा करणारा लेख नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुइस यांनी लिहिला. सेल्माच्या पुलावर लुइस यांची कवटी फुटली होती. मला वाटतं, एवढ्यांनी जे केलं त्यापुढे आपण बोलू नये.

निळीशाई

सांजवेळ, मी बोलणार आहे.

लुइस यांनी क्षमा केली, तो त्यांचा मोठेपणा. पण क्षमा ही ज्याची जखम त्याची. सप्टेंबर १९६३ च्या सुरुवातीला वॉलेस वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाला होता की या देशाला काही पहिल्या दर्जाच्या अंत्ययात्रांची गरज आहे. १५ तारखेला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये चार मुली मेल्या. पाचवी वाचली. सारा कॉलिन्स, वय १२. तिची बहीण अॅडी मे त्या चौघींत होती. साराचा उजवा डोळा गेला, काचा अंगात राहिल्या. अलाबामाच्या गव्हर्नरने तिची लेखी माफी मागितली ती ३० सप्टेंबर २०२० ला. ५७ वर्षांनी.

आणि अजून एक. वॉलेसने माफी मागितली. त्याला मत देणाऱ्या ९९ लाखांपैकी कुणी मागितली? त्यांना मागायची गरजच पडली नाही. मतपत्रिका बंद असते. गेटमीटिंग काका त्यांना कामगार म्हणून समजून घेतात, ताम्हण त्यांना भाषणाला भुललेले म्हणतात. मी त्यांना प्रौढ माणसं समजते. सेल्मा त्यांनी दूरदर्शनवर बघितलं होतं.

रानजाई, मला अण्णांनाच एक विचारायचंय, राग मानू नका. "तुम्ही लोक वेगळे" म्हटल्यावर अण्णा काय बोलले?

गेटमीटिंग

निळीशाई, पटलं. मी पत्रकाच्या यशाबद्दल लिहिलं, तेवढंच लिहून थांबायला नको होतं. आमच्या गिरण्यांमध्ये साच्याच्या (कापड विणायच्या मागाच्या) खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धागा तुटला की तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होतो म्हणत. लाल बावट्याने पगारासाठी मोठे संप केले. तो प्रश्न मात्र बाबासाहेबांनी पुढे केल्यावर आमच्या लोकांनी घेतला. पगाराच्या आकड्याने काय होतं आणि काय होत नाही, हे मला मुंबईतच कळायला हवं होतं.

रानजाई

निळीशाई, तुमचा प्रतिसाद अण्णांना पूर्ण वाचून दाखवला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाचला.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी काही बोललो नाही. हसलो. घरी येऊन हिला सांगितलं, तर आम्हाला दोघांनाही ते कौतुक वाटलं."

मी विचारलं, मग पट्टी का ठेवली? म्हणाले, "आधी त्याच्यासाठी ठेवली. तो १९८१ साली गेला, तेव्हा फेकायला काढली होती. पण हा (माझा नवरा) तेव्हा तिसरीत होता. त्याच्या वर्गात एकच काळा मुलगा होता. त्याच्या वाढदिवसाला जायचं की नाही यावर आमच्या घरात बोलणं झालं. बोललो कोण, तर मीच. नको म्हटलं. मग पट्टी परत पाकिटात ठेवली."

नवरा समोर बसला होता. त्याला तो मुलगा आठवत होता, वाढदिवसाचं आमंत्रण आठवत नव्हतं.

अबोली_८८

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. मी टस्कलूसाला पीएचडी करते, मूळची चिपळूणची. फॉस्टर ऑडिटोरियम, जिथे वॉलेस दारात उभा राहिला होता, माझ्या प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. समोरच्या चौकाला मलोन आणि हूड यांचं नाव दिलंय. तिथे एक घड्याळाचा मनोरा आहे, ऑथरिन लूसी या काळ्या विद्यार्थिनीच्या नावाचा. त्या १९५६ साली इथे आल्या होत्या, मलोन-हूड यांच्या सात वर्षं आधी. जमाव चालून आला आणि विद्यापीठाने तीन दिवसांतच त्यांनाच बाहेर काढलं. मी दोन वर्षं त्या मनोऱ्याखालून जातेय आणि डबा खायला तिथे सावलीत बसते. पाटी पूर्ण वाचली ती आज, हा धागा वाचल्यावर.

रानजाईताई, अण्णांना दाखवायला दाराचा फोटो हवा असेल तर सांगा. सकाळी ऊन दारावर असतं, तेव्हा काढते.

रानजाई

अबोली, काढ. दार आणि पाटी दोन्हीचा. अण्णा म्हणतायत, मोठा काढून पाठव, त्यांना पट्टीच्या पाकिटात ठेवायचाय.